डीएनएचे द्विगुणन : प्रारण व एंझाइमरोधक औषधे यांचे परिणाम

कोशिकेचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाची) हुबेहूब प्रत तयार होते. या क्रियेस द्विगुणन म्हणतात. क्ष-किरणांमुळे ती मंदावते, हे ऑयलर व हेव्हेशी यांनी १९४२ च्या सुमारास उंदरांच्या अर्बुदांत किरणोत्सर्गी फॉस्फरस वापरून दाखविले. १९५३ मध्ये हॉवर्ड व पेल्क यांनी लंडन येथे बाकल्याच्या मुळांवरील प्रयोगांवरून, दोन विभाजनांमधील ठराविक काळातच द्विगुणन होते, असे निश्चित केले.

प्रारणाने डीएनएचे धागे तुटतात. तेव्हा ही मंदता म्हणजे निव्वळ इजा, असा समज होणे स्वाभाविक होते. त्याला धक्का दिला तो ॲटॅक्सिया तेलँजिएक्टेसिया या दुर्मिळ आनुवंशिक रोगाने. यात मुलाचा तोल जातो, डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या विस्फारतात व कर्करोगाचा संभव वाढतो. अशा काही मुलांना नेहमीच्या मात्रेचे प्रारणोपचारही प्राणघातक ठरले. रुग्णांच्या त्वचेतील कोशिका प्रारणास फार संवेदनशील असतात, हे १९७५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखविले. मग त्यांतील द्विगुणन अधिकच मंदावावयास हवे होते. कॅलिफोर्नियात पेंटर व यंग यांना १९८० मध्ये नेमके उलट आढळले : निरोगी कोशिका थबकत, रुग्णांच्या कोशिका मात्र फारशा न थांबता प्रत काढीतच राहत. थबकणे ही इजा नसून कोशिकेने दुरुस्तीसाठी घेतलेली उसंत होय, असा अर्थ यातून निघाला. तथापि संवेदनशीलतेचे सारे खापर या एकाच दोषावर फोडता येत नाही. रुग्णांत तुटलेले धागे जोडण्याच्या क्रियेतही उणीव असते.

१९९५ मध्ये तेल अव्हीव येथील योसेफ शिलो यांच्या गटाने सदोष जनुक ओळखले. त्यापासून बनणारे एटीएम हे एंझाइम धागे तुटल्याची वर्दी इतर प्रथिनांना देते आणि नव्या ठिकाणी द्विगुणन सुरू होऊ देत नाही.

हायड्रॉक्सियूरियाची रीत निराळी आहे. हे औषध रिबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या एंझाइमास रोखते व डीएनएच्या घटकद्रव्यांचाच तुटवडा पडतो. येथे थांबण्याचा हुकूम नसतो, माल नसतो. द्विगुणन चालू असलेल्या कोशिका त्याने मरतात व इतर कोशिका द्विगुणनाच्या उंबरठ्यावर अडकतात, असे सिंक्लेअर यांनी १९६५ मध्ये दाखविले. द्विगुणनाच्या अखेरच्या टप्प्यातील कोशिका क्ष-किरणांना सहसा दाद देत नाहीत. म्हणून दोन्ही उपचार एकत्र योजण्यात आले, विशेषतः गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगात. १९९९ मधील चाचण्यांनंतर तेथे हायड्रॉक्सियूरियाची जागा सिस्प्लॅटिनने घेतली.

२००४ मध्ये एटीएमलाच रोखणाऱ्या केयू-५५९३३ या संयुगाची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच्या सान्निध्यात निरोगी व्यक्तीच्या कोशिकाही त्या रुग्णांच्या कोशिकांप्रमाणे प्रारणास संवेदनशील होतात. अर्बुद हळवे करताना भोवतालचे निरोगी ऊतकही हळवे होण्याचा धोका यात असतो.