आडनावांच्या गल्लीत

"अब्बा, आपलं आडनाव पिंजारी का?" धाकटीने विचारले आणि आमचा रविवार ठरला. अम्मीला, म्हणजे मुलांच्या दादीला, सोबत घेऊन आम्ही सगळे जुन्या नाशकातल्या पिंजारघाटावर आलो.

मोगलांच्या काळी या शहराला गुलशनाबाद म्हणत. १८१८ साली ते इंग्रजांकडे गेले. राज्य बदलले, पण वस्त्यांची नावे धंद्यांचीच राहिली. पिंजारघाट, बागवानपुरा, तांबट लेन, बोहोरपट्टी. नुसत्या पाट्या वाचत गेले तरी इथे कोण काय करून पोट भरत होते ते कळते.

बडी दर्ग्यात फातेहा पढून आम्ही सावलीत बसलो. अम्मी सांगू लागली. छताला टांगलेली धनुकली, तिची ताणलेली तात, तिच्यावर लाकडी ठोका पडला की होणारा तो 'टण्ण' आवाज आणि घरभर उडणारा कापूस. थंडी आली की गाद्या-रजयांचे काम. पिंजणाऱ्याच्या भुवयाही पांढऱ्या होत. मग कल्हईवाल्याची आठवण निघाली. तो भाता फुंकायचा, तापल्या भांड्यावर नवसागर टाकायचा आणि कथील फिरवायचा. कल्हई नसली की पितळेत आंबट कळकायचे. नळ नव्हते तेव्हा भिस्ती पाठीवर मशक घेऊन दारोदार पाणी घाली. मणियार हिंदूंच्या आणि आपल्या, दोन्ही घरच्या लेकीबाळींना बांगड्या भरी. गावाचा संसार असा एकमेकांच्या हातांवर चालत होता.

पुढे मुंबईत गिरण्या निघाल्या, रेल्वेने त्यांचा माल गावोगाव पोचवला. हातकामाला उतार लागला. याच जिल्ह्यात मालेगावला, १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी मात्र माग सोडला नाही. पुढे त्याचाच यंत्रमाग झाला. पितळ जाऊन स्टील आले आणि कल्हईवालाही गेला.

१८८३ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक खंड निघाला. त्यात इथल्या मुसलमानांची धंदेवार माहिती आहे. साहेबाने ती राज्यकारभाराच्या सोयीसाठी लिहवून घेतली. आम्ही स्वतः काय लिहून ठेवले? थोरल्याच्या ओबीसी दाखल्यासाठी धावपळ केली, तेव्हा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा होता. वडिलांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात एकच शब्द निघाला : 'मुसलमान'. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजणारे हात त्या एका शब्दात दडून गेले होते. सगळे मुसलमान नवाबांचे वंशज, असे आम्हाला बाहेरचे समजतात. कधी कधी आम्हीही तसेच समजतो, आणि हातकामाच्या आडनावाची लाज बाळगतो. पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन ही नावे म्हणजे कष्टाचा इतिहास आहे. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

परतताना धाकटी दादीचा हात धरून चालत होती. घरी आल्यावर तिने वही काढली आणि तात म्हणजे काय, नवसागर कशाला, असे विचारत एकेक शब्द लिहून घेतला. अम्मीही न थकता सांगत राहिली.

आपल्या घरीही अशी एखादी अम्मी असेल. पेटीत जुना दाखला, एखादा खरेदीखताचा कागद असेल. तो जपावा आणि तिचे बोलणे वहीत उतरवून घ्यावे. गॅझेटियर साहेबाने लिहिला, घरचा इतिहास आपल्यालाच लिहावा लागेल.