आंबागडाखालचे तलाव आणि एक हद्दपार अर्थतज्ज्ञ

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातला आंबागड किल्ला 1700च्या सुमारास, देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या अमदानीत, राजा खान पठाणाने बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. किल्ले आणि कैदी राज्याने आपल्या हाती ठेवले. भंडाऱ्याच्या धानाला पाणी पुरवणाऱ्या तलावांबाबत मात्र गोंड राजवटीने एवढेच ठरवले, की जो तलाव बांधील त्याला जमीन मिळेल. पाळ कुठे घालायची, सांडवा किती रुंद ठेवायचा, हे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाने जागेवर उभे राहून ठरवले. राज्याला आपल्या नजरेची मर्यादा ठाऊक असल्याचे हे लक्षण मानावे लागते. ती मर्यादा सांगितल्याबद्दल सोव्हिएत रशियात बोरिस ब्रुट्झकुस या शेती-अर्थतज्ज्ञाला देश सोडावा लागला. बाजारभाव पुसून टाकले की कुठल्या कामाला किती माणसे आणि माल लावावा, हे ठरवायचे मापच कचेरीजवळ उरत नाही, असे त्याने पेट्रोग्राडमध्ये 1920 साली मांडले. 1922मध्ये ते छापून आले आणि त्याच वर्षी त्याची हकालपट्टी झाली. बर्लिनमार्गे तो जेरुसलेमला पोचला आणि 1938 साली वारला.

भंडाऱ्यात हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांकडे, असत. 1951 साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. गाळ साचत राहिला, पाळी खचल्या, बोड्यांवर, म्हणजे लहान तळ्यांवर, अतिक्रमणे झाली. मालगुजार काही संत नव्हता, वेठबिगार त्याच्याच वाड्यावर चाले, असे कुणी म्हणेल. खरेच आहे, आणि मालगुजारी जायलाच हवी होती. पण गावाचे निस्तार हक्क, म्हणजे सामायिक वापराचे हक्क, वाजिब-उल-अर्ज या गावच्या रिवाजांच्या दप्तरात नोंदलेले असताना तलाव गावाच्या हाती न देता खात्याला देण्याची सक्ती कुठून आली? दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: ब्रुट्झकुस बाजारभावाबद्दल बोलत होता, आणि तलावातल्या गाळाला भाव कधीच नव्हता. पण भावाचे काम इथे धान करत होते. मालगुजाराची खुदकास्त, म्हणजे त्याने स्वतः कसायची जमीन, बहुधा त्याच तलावाखाली असे. पाळ फुटली तर पहिले नुकसान त्याचे. खात्याच्या हिशेबात असा फटका बसणारा कुणी नाही, म्हणून गाळ काढण्यापेक्षा नवे धरण नेहमीच मोठे काम ठरते. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली. तीन दशके उलटली तरी कालव्यांची कामे चालूच होती.