सहलीचा ऋतू कोण ठरवतो?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की शिक्षकांच्या खोलीत सहलीचा विषय निघतो. सोलापूरकडच्या शाळांत महिना बहुधा आधीच ठरलेला असतो, डिसेंबर नाहीतर जानेवारी. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा मुलांना घेऊन फिरायचे कोण धाडस करील? जूनमध्ये नवे वर्ग असतात, मार्चमध्ये परीक्षा. म्हणजे आपण ऋतू निवडतो असे म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात वेळापत्रकातून जे उरते ते घेतो. पूर्वी या भागात लांबून येणारे लोक कोणत्या ऋतूत येत, आणि तो ऋतू कोण ठरवत असे, याचा शोध घेण्याचा आम्ही येथे प्रयत्न केला आहे. सोलापूरच्या परिसरात या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे सापडतात.

सुरुवात एका परदेशी पाहुण्यापासून करू. पंधराव्या शतकात, साधारण १४७० च्या आसपास, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून गलबतात बसून चौलला उतरला. सोबत विकायला आणलेला एक घोडा होता. पावसाळ्यापूर्वी अरबी समुद्रातली बंदरे बंद होत, म्हणून त्याला वसंतातच किनारा गाठावा लागला. तिथून पायी तो जुन्नरला पोचला आणि तिथेच अडकला. दोन महिने तो जुन्नरात होता. त्याच्या टिपणांत एक गमतीची नोंद आहे. इथला ‘हिवाळा’ मे-जूनच्या सुमारास सुरू झाला, चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात, असे तो लिहितो!

हा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. निकितिनची चूक म्हणून हसण्यापूर्वी जरा थांबावे. त्याच्या देशात प्रवास थांबवणारा, माणसाला घरात कोंडणारा ऋतू म्हणजे हिवाळा. इथे तेच काम पावसाने केले, म्हणून त्याने त्याला तेच नाव दिले. ऑगस्टच्या मध्यावर तो जुन्नरहून निघून बीदरकडे गेला, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून इथे ‘वसंत’ लागतो असेही त्याने नोंदवले. आपण ज्याला शरद म्हणतो तो हाच. अक्कलकोटच्या पूर्वेला असलेल्या आळंद येथील शेख अलाउद्दीनच्या जत्रेचे वर्णनही त्याने केले आहे. देशभरचे व्यापारी तिथे जमत आणि घोड्यांचा मोठा बाजार भरे. वर्गात ऋतूंची नावे शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे. तापमानावरून ऋतू ओळखावा की माणसाच्या हालचालीवरून, हा प्रश्न मुलांना विचारून पाहण्यासारखा आहे.

व्यापारी चिखलात थांबला. भिक्षूंनी तर थांबण्याचा नियमच केला होता. बौद्ध आणि जैन परंपरेत पावसाळ्याचे महिने एका जागी राहायचे, त्याला वर्षावास किंवा चातुर्मास म्हणतात. असे असताना एक मोठा समूह मात्र नेमका चातुर्मासाच्या तोंडावर बाहेर पडतो आणि आषाढी एकादशीला पंढरपुरात पोचतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखीची प्रथा सुरू केली, असे मानतात. पायी वारीची परंपरा त्याहून जुनी आहे. ज्या महिन्यात बाकीचे सगळे थांबतात, त्याच महिन्यात वारकरी चालतात, हे कसे?

पेरण्या उरकून शेतकरी मोकळा होतो, हे उत्तर सर्वांना ठाऊक आहे आणि ते बरोबरही आहे. पण त्यात भूगोलाचा वाटा मोठा आहे, तो बहुधा सांगायचा राहतो. आळंदी-देहूकडून पालख्या निघतात त्या पूर्वेकडे, आग्नेयेकडे, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत शिरत जातात. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षभराचा पाऊस पाचशे ते सातशे मिलिमीटर, आणि त्यातलाही सर्वाधिक सप्टेंबरात, मोसमी वारे परतण्याच्या सुमारास पडतो. आषाढात माळशिरस-वेळापूरच्या वाटेवर सरी येतात, पण जुन्नरात निकितिनने पाहिला तसा चार महिन्यांचा चिखल इथे नसतो. शिवाय या जिल्ह्याचे मुख्य पीक रब्बी ज्वारी. ती पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणून मंगळवेढ्याकडची काळी राने आषाढात मोकळीच असतात. वारीचा ऋतू असा मातीने आणि ढगांनी मिळून ठरवलेला आहे.

नदीचे मात्र वेगळे. भीमा सह्याद्रीत उगम पावते, त्यामुळे पंढरपुरात थेंब नसताना चंद्रभागा दुथडी भरून वाहू शकते. औरंगजेबाला याचा अनुभव आला. १६९५ मध्ये त्याने मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरी येथे छावणी केली आणि पुढची चार वर्षे ती तिथेच राहिली. १६९७ च्या पावसाळ्यात पूर आला आणि छावणीची मोठी हानी झाली. त्याच १६९५ च्या मार्चमध्ये, छावणी कृष्णाकाठी गलगले येथे असताना, जेमेल्ली करेरी नावाचा इटालियन गृहस्थ गोव्याहून बादशहाला भेटायला आला होता. हा ना व्यापारी, ना यात्रेकरू. जग पाहायला निघालेला! पुढे त्याने पृथ्वीप्रदक्षिणेवर ग्रंथ लिहिला. हौशी प्रवासी मार्चमध्ये आला, वाटा कोरड्या असताना. आजच्या पर्यटकाचा तो पूर्वजच म्हणायचा.

आता थोडे गणित. वारी दरवर्षी पेरणीनंतरच येते याचे श्रेय अधिक महिन्याला आहे. चांद्र महिना सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा, असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सौर वर्षापेक्षा ११ दिवस कमी. २०२४ ची आषाढी १७ जुलैला होती, २०२५ ची ६ जुलैला. असेच चालले असते तर काही वर्षांत वारी भर वैशाखवणव्यात गेली असती. पण २०२६ च्या वर्षात अधिक ज्येष्ठ येतो आणि आषाढी २५ जुलैवर जाते. हिजरी पंचांगात अधिक महिना नाही. त्यामुळे गुलबर्ग्याचा बंदे नवाजांचा उरूस सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. एकाच भाविकाने तो तरुणपणी थंडीत आणि उतारवयात उन्हाळ्यात पाहिलेला असतो. उलट सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा मकरसंक्रांतीला, म्हणजे सूर्याला बांधलेली. नंदीध्वज निघायचे ते थंडीतच, जानेवारीच्या १४-१५ च्या सुमारास. संक्रांतीची तारीखही सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते, पण ते एका पिढीच्या लक्षात येण्याजोगे नाही. चांद्र, सौर आणि दोन्हींचा मेळ घालणारे अशी तीन पंचांगे सोलापूरच्या मुलांच्या दारात आहेत. त्यासाठी आकाशगृह लागत नाही.

रेल्वे आली तेव्हा चिखलाचे महत्त्व पुष्कळच कमी झाले. १८६० मध्ये गाडी सोलापुरात पोचली आणि १९०६ मध्ये बार्शी लाइटची छोटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाऊ लागली. तेव्हापासून प्रवासाचा ऋतू हळूहळू सुट्ट्यांच्या हातात गेला.

एक पंचांग राहिलेच. सोलापूरपासून जवळच नान्नजचा माळ आहे. १९७० च्या दशकात तिथल्या माळढोक पक्ष्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले आणि १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. सुरुवातीला त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते, पुढे ते बरेच कमी करण्यात आले. वाघ पाहायला लोक ताडोब्याला कडक उन्हाळ्यात जातात, कारण पाणवठे आटलेले असतात. माळढोकाचा ऋतू नेमका उलटा. पाऊस पडला की गवत उगवते, नाकतोडे वाढतात, आणि नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट उभारून माळावर घुमू लागतो. पाहणाऱ्याच्या दृष्टीने याहून ‘योग्य’ ऋतू नाही. पण मादी उघड्या जमिनीवर एकच अंडे घालते आणि सुमारे चार आठवडे एकटीच उबवते. माणसाची चाहूल लागून ती उठली, तर अंडे कावळ्याला, घोरपडीला किंवा कुत्र्याला मिळते. एका मोसमाचे सगळे श्रम गेले.

आणि हा काही भरपूर संख्येने असलेला पक्षी नाही. २०११ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्तांत झाली. नान्नजला तर अलीकडे एखाददुसराच दिसतो. माळ नांगरले गेले, तारा आल्या. सगळा दोष सहलींना देता येणार नाही. तरी आमचे मत असे, की जुलै ते सप्टेंबर नान्नजला शाळेची सहल नेऊ नये. माळढोक दिसेल ही आशा हेच ते टाळण्याचे कारण.

डिसेंबर-जानेवारीत मात्र खुशाल जावे. वेळापत्रकाने उरवलेला महिना इथे अचानक योग्य ठरतो. गवत वाळून पिवळे झालेले असते, काळवीट लांबूनही दिसतात, नशीब असेल तर लांडगा. संध्याकाळी मध्य आशियाकडून आलेले भोवत्ये हे शिकारी पक्षी गवतात रातथाऱ्याला उतरतात. सूर्य मावळण्यापूर्वी अर्धा तास गाठावा आणि मुलांना वाटेच्या कडेला बसवावे. परतताना गड्ड्याची यात्रा लागली असेल, तर मुक्काम सोलापुरात करता येतो.