अरण्याची वाट आणि मागें उरलेलें घर

‘संत तुकाराम’ हा बोलपट आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. पुण्याच्या प्रभात कंपनीनें तो 1936 सालीं काढला. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचें. मुंबईंत एकाच चित्रगृहांत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 सालीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा सर्वांच्या डोळ्यांपुढें आहेत. मला मात्र त्या चित्रांत पुन्हा पुन्हा आठवते ती गौरीनें उभी केलेली जिजाई. गौरी कांहीं नाट्यकलेंत मुरलेली नटी नव्हे. किरकोळ कामें करतां करतां ती पुढें आली. नवरा विठ्ठलाच्या पायीं घरदार विसरून रानांत बसलेला, घरीं पोरें भुकेलीं, आणि ही बाई तोंडानें विठ्ठलाला शिव्या देत नवऱ्यासाठीं भाकरी घेऊन जाते. प्रेक्षक तिच्या फटकळपणाला हंसतात. पण त्या घरांतली चूल पेटती राहिली ती तिच्यामुळें, हें चित्रपटानें लपविलेलें नाहीं.

जनांतून उठून वनांत जाणाऱ्या माणसाचें हें नाटक बोलपटाबरोबर आपल्याकडे आलें, असें कोणीं समजूं नये. ते पाहण्यासाठीं आज मी आपणांस वऱ्हाडांत, वाशिमास नेणार आहें. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला 1998 सालीं. त्यापूर्वीं हा मुलूख अकोला जिल्ह्यांत मोडत असे. पण गांव फार जुना. त्याचें प्राचीन नांव वत्सगुल्म. गुल्म म्हणजे झाडाझुडपांची जाळी. वत्स नांवाच्या ऋषीनें येथें तप केलें, अशी स्थानिक कथा आहे. म्हणजे गांवाचा आरंभच मुळीं लोकांतून निघून गेलेल्या एका माणसापासून! आणि गंमत अशी कीं, ज्या जाळींत एकांत शोधला गेला, तेथेंच पुढें वाकाटकांची राजधानी गजबजली. राजशेखरानें आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचें लग्न लावलें तेंही याच नगरींत. 1939 सालीं वाशीम येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सांपडला. त्याच्या राज्याच्या 37 व्या वर्षीं वत्सगुल्माहून दिलेलें तें दानपत्र आहे. वाकाटकांच्या या शाखेचा इतिहास त्यामुळेंच उजेडांत आला.

या शाखेचा मोठा राजा हरिषेण इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत होऊन गेला. त्याचा सचिव वराहदेव यानें अजिंठ्याचें 16 वें लेणें करविलें. 17 वें त्याच्या एका मांडलिकानें. सत्ता वाशीमची आणि चित्रें अजिंठ्याचीं, असा हा संबंध आहे. आतां या 17 व्या लेण्याच्या भिंतीकडे पाहा. तेथें विश्वंतराची कथा रंगविली आहे. पाऊस आणणारा पांढरा हत्ती या राजपुत्रानें परक्यांना दान दिला, म्हणून प्रजा खवळली आणि त्याला वनवास घडला. पत्नी माद्री आणि दोन मुलें बरोबर निघालीं. चित्रकारानें हें एका चित्रांत न उरकतां प्रसंगामागून प्रसंग मांडलें आहे: महालांतला निरोप, नगरांतून निघालेला रथ, मग आश्रम. भिंतीवरचा हा मूकपटच म्हणाना! पुढें अरण्यांत जूजक नांवाचा ब्राह्मण येतो आणि चाकरीसाठीं मुलेंच मागतो. माद्री फळें वेंचायला गेलेली असते. बाप मुलें देऊन टाकतो. दानवीराची ही कसोटी, असें कथा म्हणते, आणि शेवटीं सर्वांची भेटही घडविते. पण फळें घेऊन परतलेल्या त्या आईला रिकामा आश्रम दिसतो, तो क्षण मला दानाच्या पुण्याहून मोठा वाटतो.

पहिल्या लेण्यांत महाजनकाची कथा आहे. राजाला वैराग्य येतें. राणी सीवली त्याला परोपरीनें अडवूं पाहते. तो निघतो, तशी तीही निघते. जातककथेंत तो मुंज गवताची काडी ओढून तोडतो आणि म्हणतो, ही जशी पुन्हा सांधतां येणार नाहीं, तसे आपण. एवढें ऐकून ती मूर्च्छित पडते आणि तो रानांत नाहींसा होतो. राजाचें वैराग्य खोटें होतें, असें माझें म्हणणें नाहीं. पण कथाकारानें राणीला इतक्या दूरवर त्याच्या मागें चालविलें, तें उगाच नव्हे.

आणखी एक घर वाशीम जिल्ह्यांतच आहे, तें कारंज्याचें. श्रीनृसिंहसरस्वतींचें हें जन्मस्थान. चौदाव्या शतकांतली ही गोष्ट. ‘गुरुचरित्र’ सांगतें कीं, माधव आणि अंबा यांचा हा मुलगा मुंज होईपर्यंत ॐकाराखेरीज कांहीं बोललाच नाहीं. मुंजींत आईनें भिक्षा घातली, तसा तो वेद म्हणूं लागला, आणि लगेच संन्यासासाठीं निरोप मागूं लागला. मुलगा बोलूं लागला म्हणून आईनें आनंद करावा, तों तो निघालाच! अंबेनें आक्रोश केला. तेव्हां त्यानें काय केलें? तो थांबला. आईला आणखी मुलें होतील, असें त्यानें सांगितलें आणि जुळे भाऊ जन्मून तीन महिन्यांचे होईपर्यंत घरीं राहिला. मग काशीची वाट धरली. तेथें कृष्णसरस्वतींकडून संन्यास, पुढें वाडी, गाणगापूर, शिष्यांची दाटी; एकांत असा त्यांच्या वांट्याला थोडाच आला.

महाजनकानें काडी तोडली. या मुलानें परत भेटण्याचा शब्द दिला. तीस वर्षांनीं दर्शन देईन, असें तो आईला सांगून गेला होता. संन्याशाच्या वेषांत तो खरोखरच कारंज्याला आला. आईबाप भेटले, आणि त्याच्यामागून त्या घरांत जन्मलेली बहीण रत्नाई पुढें येऊन त्याच्या पायां पडली.