लसीकापेशींची साक्ष

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकात युरेनियम आणि थोरियम फार थोडे असते, पण असते. त्यामुळे कपाशीच्या शेतात उभ्या असलेल्या माणसालाही जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून थोडा किरणोत्सर्ग सतत मिळत असतो. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट आहे. छातीच्या एका क्ष-किरण चित्रासाठी ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनही कमी मात्रा पुरते. क्षयरोगाच्या तपासणीला निघालेल्या पालकाने “या किरणांनी अंगातली प्रतिकारशक्ती तर जाणार नाही ना?” असे विचारले, तर आपण शिक्षकांनी काय सांगावे?

हा प्रश्न जुना आहे. रंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. १९०३ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक हाइनके यांना प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले, की या किरणांनी प्लीहा व लसीकाग्रंथींतील पेशी झपाट्याने मरतात. वेगाने विभागणाऱ्या पेशींना किरण अधिक बाधतात, असा नियम १९०६ मध्ये फ्रान्समध्ये मांडला गेला. लसीकापेशी, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, या नियमाला अपवाद ठरल्या. विभाजन चालू नसतानाही त्या सहज मरतात.

पण ही गोष्ट मोठ्या मात्रेची झाली. अल्प मात्रेत पेशी मरताना दिसत नाहीत. मग परिणाम मोजायचा कसा? येथे आपला राजमा मदतीला आला! तांबड्या पेशी वेगळ्या करण्यासाठी वापरला जाणारा राजम्याचा अर्क लसीकापेशींना विभाजनास प्रवृत्त करतो, हे नॉवेल यांनी १९६० मध्ये दाखवले. विभाजन होताना गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. तुटून चुकीची जोडली गेलेली गुणसूत्रे मोजून मिळालेल्या मात्रेचा अंदाज बांधता येतो, असे बेंडर व गूच यांनी १९६२ मध्ये सुचवले. लसीकापेशी अशा साक्षीदार बनल्या.

१९८४ मध्ये या साक्षीला वेगळे वळण मिळाले. आधी अत्यल्प किरणोत्सर्ग मिळालेल्या लसीकापेशींवर नंतर मोठी मात्रा सोडली, तेव्हा अपेक्षेपेक्षा कमी गुणसूत्रे तुटली. पेशींची दुरुस्ती-यंत्रणा जागी झाली असावी. मात्र प्रत्येक रक्तदात्याच्या पेशींत असे घडत नाही. म्हणून ‘थोडा किरणोत्सर्ग औषधी’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे. १९२०च्या दशकात रेडियमचे पाणी शक्तिवर्धक म्हणून विकले गेले आणि ते पिणाऱ्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली.

आपल्या बेसाल्टच्या अगदी उलट जमीन केरळच्या कोल्लम भागातील किनाऱ्यावर आहे. तेथील मोनाझाइट वाळूत भरपूर थोरियम असून काही ठिकाणी वार्षिक मात्रा ४५ मिलिग्रेपर्यंत जाते. मुंबईत तुर्भे येथे असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तेथील दहा हजारांहून अधिक नवजात बालकांच्या लसीकापेशी तपासल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुणसूत्रांतील दोषांचे प्रमाण शेजारच्या सामान्य भागापेक्षा लक्षणीय वाढलेले आढळले नाही.

गुणसूत्रे शाबूत असणे म्हणजे संपूर्ण प्रतिकारशक्तीची परीक्षा झाली, असे नव्हे. म्हणून कारणाशिवाय किरण घेऊ नयेत, हा नियम आजही पाळला जातो. पण क्षयरोगाचा संशय हे पुरेसे कारण आहे. पालकाला आपण निःशंकपणे सांगावे: चित्र काढून घ्या. न ओळखलेला क्षयरोग त्या किरणांपेक्षा कितीतरी अधिक घातक आहे.