मुकुट कुणाचा? सरकारचा की लोकांचा?

मित्रांनो, वारसा जपायचा म्हणजे तो कुलुपात ठेवायचा का? आज हंगेरीची गोष्ट सांगतो.

1802 साली फेरेन्त्स सेचेन्यी या उमरावाने आपली हजारो पुस्तकं, हस्तलिखितं, नकाशे, नाणी देशाला देऊन टाकली. तेव्हा तिथे राज्य होतं व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग घराण्याचं. या दानातूनच हंगेरीचं राष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं. पेस्ट शहरातली त्याची भव्य इमारत 1847 मध्ये पूर्ण झाली आणि पुढच्याच वर्षी, 15 मार्च 1848 ला, क्रांतीसाठी बाहेर पडलेले लोक जमले ते याच इमारतीसमोर. 1956 च्या उठावात तिथे आग लागली, निसर्गविज्ञानाचा मोठा ठेवा जळून खाक झाला.

आता मुकुटाचं ऐका. हंगेरीच्या राजांचा पवित्र मुकुट 1945 मध्ये अमेरिकी सैन्याच्या हाती गेला. पुढे तो फोर्ट नॉक्सच्या तिजोरीत पडून राहिला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तो परत द्यायचं ठरवलं, तेव्हा परागंदा हंगेरियन लोक चिडले. कम्युनिस्ट सरकारला मुकुट कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा राग चुकीचा नव्हता. पण अट अशी होती की मुकुट जनतेचा, आणि तो सगळ्यांना बघता आला पाहिजे.

जानेवारी 1978 मध्ये मुकुट परतला आणि राष्ट्रीय संग्रहालयात लोकांसमोर ठेवला गेला. 2000 साली तो संसद भवनात हलवला.

सरकारं येतात, जातात. ती कम्युनिस्ट राजवटही गेली. मुकुट आहे तिथेच आहे. वारसा सरकारच्या ताब्यात असू शकतो, मालकी मात्र लोकांचीच. तुम्हाला काय वाटतं?