राजे गेले तेव्हा आलेला सण

लहानपणी मला वाटायचं, ख्रिस्तराजाचा सण नाताळाइतकाच जुना असणार. परवा भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, आता राजे कुठे उरलेत? मग येशूला राजा कशाला म्हणायचं?" उत्तर शोधायला बसलो तर कळलं, हा सण १९२५ सालचा. म्हणजे राजे पटापट जात होते, नेमका तेव्हाचा!

रशियाचा झार १९१७ मध्ये गेला, जर्मनी आणि ऑस्ट्रियाचे सम्राट १९१८ मध्ये, तुर्कस्तानचा सुलतान १९२२ मध्ये. रिकाम्या सिंहासनांवर आता 'राष्ट्र' आणि 'नेता' येऊन बसू लागले. इटलीत १९२२ पासून मुसोलिनी होता. अशा वेळी ११ डिसेंबर १९२५ रोजी पोप अकरावे पायस यांनी 'क्वास प्रिमास' हे परिपत्रक काढून हा सण सुरू केला. सांगणं एवढंच, की राज्यकर्त्यांनाही वर जाब द्यावा लागतो. गंमत म्हणजे, तेव्हा खुद्द पोपकडेच राज्य नव्हतं. रोम १८७० मध्येच हातचं गेलं होतं.

मेक्सिकोत या शब्दांची किंमत लगेच कळली. तिथलं सरकार चर्चच्या मागे लागलं होतं. २३ नोव्हेंबर १९२७ रोजी फादर मिगेल प्रो यांना खटला न चालवताच गोळ्या घातल्या. हात क्रुसासारखे पसरून 'ख्रिस्तराजाचा विजय असो' म्हणत ते गेले. पण हीच घोषणा देत तिथे हजारो लोक बंदुका घेऊन लढतही होते. राजा एकच, पण त्याच्या नावाने चालायचे रस्ते दोन.

आणि पोप? त्यांनी १९२९ मध्ये त्याच मुसोलिनीशी करार केला. चिमुकलं व्हॅटिकन राज्य मिळालं. दोनच वर्षांनी मुसोलिनीने कॅथलिक युवक संघटना बंद पाडल्या, तेव्हा पोपना पुन्हा लेखणी उचलावी लागली. माणसाने माणसांना बांधून दिलेलं राज्य किती टिकाऊ, ते तेव्हा कळलं असेल.

भाच्याला मी म्हटलं, "अरे, या राजाचा मुकुट काट्यांचा होता. त्याच्या नावाने स्वतःसाठी गादी मागणारा दिसला, की समज, तो दुसऱ्याच कुणाचा माणूस आहे."

असो. भाच्याला पटलं की नाही, माहीत नाही. मला मात्र सण नव्याने कळला.